शिशाची कढई आणि तांडेलाचे सुकाणू

धातूंच्या दरबारात शिशाला मानाचे आसन कधी मिळाले नाही. सोन्याचांदीचे तेज त्याच्या ठायी नाही, लोखंडाचा कणखरपणा नाही, तांब्यापितळेसारखे घासूनपुसून फळीवर मांडावे असे रूपही नाही. नखाने ओरखडा उठावा इतके ते मऊ आणि पाण्याच्या अकरापटीहून अधिक जड. तथापि कोळ्याच्या संसारात या उपेक्षित धातूवाचून चालत नाही. खाडीत फेकलेला पाग गोल उघडून तळाशी बसतो तो काठाला ओवलेल्या शिशाच्या वजनांमुळे. आम्हां धर्मगुरूंचाही शिशाशी जुना संबंध आहे. जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या खिडक्यांतील रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकींशी सांधलेल्या असतात. आणि आमच्या पिढीने लहानपणी जी प्रार्थनापुस्तके हाती धरली, ती शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणातून ओतलेल्या खिळ्यांनी छापलेली होती.

येथे आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत तो विषय मात्र खिडक्यांचा नाही आणि छापखान्याचाही नाही. शिसे वितळवण्याच्या एका कढईला अचूक तापनियंत्रण बसवले गेले, त्याची ही हकिकत आहे. धर्मगुरूने असल्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. त्या कढईपासून चार पावलांवर एक तीन वर्षांचे मूल खेळत असे आणि त्या मुलाला बाप्तिस्मा आम्हीच दिला होता.

वसईच्या किनाऱ्यावरील आमच्या धर्मग्रामात कोळ्यांची एक मोठी वाडी आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की नौका शाकारून किनाऱ्यावर घेतल्या जातात आणि घरोघरी जाळ्यांची कामे निघतात. फाटलेले जाळे सांधायचे, कुजलेले दोर बदलायचे, गळून गेलेली वजने नव्याने ओवायची. वजने बाजारात तयार मिळतात. परंतु या वाडीतील एक वृद्ध तांडेल ती स्वतः ओततात आणि शेजारपाजाऱ्यांनाही पुरवतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आता समुद्रावर जात नाहीत. वजने ओतण्याचे काम हाच त्यांचा विरंगुळा, चार पैशांची मिळकत आणि वाडीतील त्यांचा मान.

त्यांची रीत वडिलोपार्जित होती. बाहेर पाऊस, म्हणून चूल पडवीत मांडायची. लोखंडी कढईत जुन्या जाळ्यांची वजने, मोटारीच्या चाकांना लावतात ती वजने, जुन्या केबलवरचे आवरण असे मिळेल ते शिसे टाकायचे आणि खाली लाकडांचा जाळ करायचा. धातू पातळ झाला की वरची मळी पळीने काढून टाकायची व तीच पळी भरून साच्यात ओतायची. तापमान मोजायला तांडेलांजवळ दोन साधने होती. एक वाळकी काडी. ती धातूत बुडवली असता किती लवकर काळी पडते ते पाहायचे. दुसरे त्यांचे डोळे. शिशाच्या पृष्ठावर प्रथम पिवळसर आणि पुढे जांभळट निळी झाक येते. तीवरून ते जाळ ओढायचा की सारायचा हे ठरवीत. पन्नास वर्षांच्या सरावाने त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

पण अंदाज आणि नियंत्रण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साच्यात ते नीट धावावे यासाठी त्याहून पन्नाससाठ अंश अधिक उष्णता हवी. कमी पडली तर वजन अर्धवट भरते, त्यावर सुरकुत्या पडतात. जास्त झाली तर मळी झपाट्याने साचते. आणि पाचशे अंशांच्या पुढे तर धातूचाच सूक्ष्म धूर हवेत मिसळू लागतो. त्यातून शिशाचा स्वभाव असा की ते फार लवकर तापते. एक किलो पाणी एका अंशाने तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो शिसे सुमारे तीस अंशांनी तापते. त्यामुळे डोळ्याला जांभळी झाक दिसेपर्यंत आणि हाताने लाकूड ओढेपर्यंत कढई ठरल्या सीमेच्या कितीतरी पुढे गेलेली असते.

दुसरा धोका पाण्याचा. वळचणीचा एक थेंब वितळलेल्या शिशावर पडला तर फारसे बिघडत नाही. तो वरच्या वर चरचरून उडून जातो. तोच थेंब धातूच्या खाली सापडला तर त्याची वाफ होताना आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते आणि कढईतील शिसे चहूकडे उसळते. जाळ्यावरून काढलेली जुनी वजने पोकळ असतात. त्यांच्या छिद्रात दोराचे तुकडे आणि समुद्राचे खारे पाणी अडकलेले असते. अशी वजने उकळत्या रसात टाकणे म्हणजे संकटाला घरी बोलावणे होय. तांडेलांच्या उजव्या हातावर या संकटाच्या तीन जुन्या खुणा आहेत.

तांडेलांचा धाकटा मुलगा आयटीआयमधून वीजतंत्री झाला आणि वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला. तेथील यंत्रात प्लॅस्टिक ठरावीक अंशावर वितळवावे लागते. अंश चुकला तर माल जळतो किंवा साचा भरत नाही. हे काम तापनियंत्रक नावाची तळहाताएवढी पेटी करते. मुलाने विचार केला की प्लॅस्टिकसाठी जे चालते ते शिशासाठी का चालू नये. त्याने प्रथम एक हजार वॉटची विजेची कढई आणली. तिच्यावर इस्त्रीला असते तसे साधे थर्मोस्टॅट होते. ते कढईच्या बाहेरच्या भिंतीची उष्णता पाहून वीज चालू किंवा बंद करी. भिंत गरम झाल्यावर आतला धातू तापायला वेळ लागतो आणि वीज बंद झाल्यावरही भिंतीतली उष्णता आत जातच राहते. परिणामी तीसचाळीस अंशांचे हेलकावे चालू राहिले. तांडेल म्हणाले, "यापेक्षा माझी काडी बरी." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

मग मुलाने थर्मोस्टॅट काढून टाकले आणि पुरी नवी जोडणी केली. त्याच सुमारास एका रविवारी मिस्सानंतर तो आमच्याकडे आला. "फादर, बाबा माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. एकदा घरी येऊन बघा ना," एवढेच तो म्हणाला. आम्ही गेलो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. विजेच्या तारांचे शास्त्र तेथे नव्हते. परंतु मुलगा समजावून सांगण्यात तरबेज होता आणि ऐकण्याची सवय आमच्या कामाचा भागच आहे.

जोडणीचे अवयव चार. पहिला थर्मोकपल. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवले तर दुसऱ्या टोकांमध्ये अल्पसा विद्युत्दाब उत्पन्न होतो. या गुणधर्माचा शोध टॉमस झेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ साली लावला. मुलाने वापरलेल्या 'के' जातीच्या जोडीत हा दाब दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग, इतका सूक्ष्म असतो. पोलादी नळीत बंद केलेला हा थर्मोकपल कढईच्या भिंतीला न टेकवता सरळ धातूच्या मध्यभागी बुडवलेला असतो. भिंतीची बातमी त्याला नको, रसाची हवी. दुसरा अवयव नियंत्रक; तो हा दाब वाचून अंश दाखवतो आणि किती उष्णता द्यायची ते ठरवतो. तिसरा सॉलिड स्टेट रिले. हा नियंत्रकाच्या हुकमाने हीटरची वीज सेकंदासेकंदाला जोडतो व तोडतो. स्वतः गरम होत असल्यामुळे तो ॲल्युमिनियमच्या खाचदार ठोकळ्यावर बसवावा लागतो. चौथा अवयव रक्षणाचा: फ्यूज, अर्थिंग आणि स्वतंत्र तापमर्यादेवर वीज तोडणारा दुसरा स्विच.

मुलाने प्रथम थर्मोकपलची परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात त्याने शून्य दाखवावे आणि उकळत्या पाण्यात शंभर. आमची वाडी समुद्रसपाटीला असल्यामुळे ही कसोटी येथे खरी ठरते. ही परीक्षा गमतीची नाही. दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तर कढई तापेल तसा आकडा खाली उतरतो. नियंत्रकाला वाटते की धातू थंड होत आहे आणि तो अधिकाधिक वीज देत सुटतो.

आता तांडेलांचा आक्षेप. आम्हांला ओट्यावर बसवून ते म्हणाले, "फादर, मी काय आंधळा आहे? पेटीला शिशाचं काय कळतं?" प्रश्न वाटतो तसा साधा नव्हता. माणसाचे हात थकत चालले असता त्याचे ज्ञानही एखाद्या पेटीने घ्यावे, याचे दुःख त्यात होते. आम्ही उत्तर दिले नाही. मुलाला म्हटले, ही पेटी विचार कसा करते ते बाबांना सांग.

तो जे सांगू लागला ते ऐकताना आमच्या ध्यानात आले की या पेटीची विद्या मुळात समुद्रावरची आहे. निकोलस मिनोर्स्की नावाचे एक रशियात जन्मलेले अभियंते अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले. जहाज आपोआप दिशेवर कसे राहील याचा ते अभ्यास करीत होते. निष्णात सुकाणूधारी कसा वागतो याचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले आणि १९२२ साली त्यावर गणिती निबंध लिहिला. पुढल्या वर्षी अमेरिकन नौदलाच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. मिनोर्स्कींना असे दिसले की चांगला सुकाणूधारी तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरतो. नौका या क्षणी दिशेपासून किती ढळली आहे. गेल्या काही वेळात ती सतत कोणत्या बाजूला ढळत आली आहे. आणि आता ती किती वेगाने वळत आहे.

मुलाने हे तीन मुद्दे सांगताच तांडेल सरसावून बसले. ओहोटीची ओढ एका बाजूने असेल तर सुकाणू सरळ ठेवून नौका सरळ जात नाही; ते सतत थोडे विरुद्ध बाजूला धरून ठेवावे लागते, हे त्यांनीच आम्हांला हात तिरका करून दाखवले. आणि नाळ खुणेकडे वेगाने वळू लागली की ती खुणेवर येण्याआधीच हात सैल सोडावा लागतो, नाहीतर नौका पलीकडे जाते, हेही त्यांनीच सांगितले. शिशाच्या कढईत नेमके हेच घडते. आत्ताचा फरक पाहून नियंत्रक उष्णता देतो. फरक मोठा तर उष्णता जास्त. पण कढईतून उष्णता सारखी हवेत जात असते, तीच येथली ओहोटी. नुसता आत्ताचा फरक पाहिला तर तापमान ठरल्या अंशाच्या थोडे खालीच अडकून राहते. म्हणून मागील फरकांची बेरीज ठेवणारा दुसरा भाग हवा. तो हळूहळू उणीव भरून काढतो. आणि आकडा वेगाने चढू लागला की आधीच हात आखडणारा तिसरा भाग हवा. तिन्ही भाग कोणत्या प्रमाणात मिसळावेत याचे नियम झीगलर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ साली मांडले. आताची पेटी ते प्रमाण स्वतःच शोधते. कढई भरलेली व तापलेली असताना तिला दोनचार वेळा ठरल्या अंशाच्या वरखाली झोके घेऊ द्यायचे. झोक्यांचा काळ आणि उंची यांवरून ती आपला हिशेब मांडते.

तांडेल बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेटीत तांडेल बसवलाय." आम्हांला वाटते, त्यांनी त्या यंत्राचा स्वीकार केला तो याच क्षणी.

पहिल्या दिवशी कढई पेटवली तेव्हा जुनी वजने थंड कढईतच रचली होती. मुलाने प्रथम १५० अंश ठरवून अर्धा तास तेवढ्यावरच धरून ठेवले. छिद्रांतून वाफ निघून गेली आणि दोराचे तुकडे कोरडेठक्क झाले. वितळण्याच्या बिंदूच्या कितीतरी खाली धातू असा स्थिर धरून ठेवणे लाकडाच्या जाळावर जवळजवळ अशक्य आहे. अचूक नियंत्रणाचा सर्वांत मोठा लाभ आम्हांला येथे दिसला. हातावर चौथी खूण उमटू नये याची तजवीज त्या अर्ध्या तासात होती.

त्यानंतर ३८० अंश ठरवले. आकडा भराभर चढला आणि ३२७ च्या आसपास येऊन थबकला. एक मिनिट गेले, दोन गेली, आकडा हलेना. तांडेलांनी आमच्याकडे पाहिले. पेटी बिघडली असे त्यांना वाटले असावे. बिघाड काही नव्हता. घन शिसे द्रव होताना उष्णता पीत राहते, परंतु तापमान वाढत नाही. एक किलो शिशाला केवळ या रूपांतरासाठी सुमारे २३ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेने द्रव शिसे दीडशे अंशांहून अधिक तापले असते. शेवटचा तुकडा विरघळला आणि आकडा पुन्हा चालू लागला. तो थांबा ही थर्मोकपलची आणखी एक परीक्षाच होती. शुद्ध शिशाने ३२७ वर थांबावे हा निसर्गाचा नियम आहे. चाकांच्या वजनांत अँटिमनी असल्यामुळे ती २५० च्या थोडे पुढेच मऊ पडू लागतात, हेही त्या आकड्यावरून पुढे कळले. ३८० पर्यंत गेल्यावर आकडा थोडा पुढे सरकला, मागे आला आणि दोन अंशांच्या आत स्थिरावला. थंड शिशाचा तुकडा टाकला की तो खाली जाई आणि पुन्हा आपल्या जागी येई. तांडेलांनी तीनचार वजने ओतली, उलटीपालटी केली आणि काहीही न बोलता पुढची पळी भरली.

येथवर वाचून कोणाला वाटेल की कथा सुफळ संपूर्ण झाली. तसे नाही. ज्या कारणासाठी आम्ही तेथे गेलो होतो ते अजून तसेच होते. तांडेलांचा नातू त्या पडवीतच खेळत होता. थंड झालेली वजने टोपलीत भरण्याचे काम त्याने आनंदाने स्वतःकडे घेतले होते आणि मध्येच तो बोट तोंडात घालत होता.

पेटी धातूची उष्णता मोजते; धूळ मोजत नाही. ३८० अंशांवर शिशाची वाफ अत्यल्प असते, हे खरे. परंतु वर साचणारी मळी म्हणजे शिशाचा भस्मरूप पूड आहे. ती पळीने ओढताना उडते, जमिनीवर बसते, झाडूने पुन्हा उठते, कपड्यांबरोबर घरात जाते. शिशाची धूळ किती दूर जाते हे जगाने १५ एप्रिल २०१९ रोजी पाहिले. त्या दिवशी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलला आग लागली आणि छपरावरचे शेकडो टन शिसे ज्वाळांत सापडले. पुढे कित्येक आठवडे परिसरातील रस्ते आणि शाळा त्या धुळीपासून स्वच्छ कराव्या लागल्या. एका कढईची धूळ तेवढी नसते. पण तीन वर्षांचे मूलही कॅथीड्रलएवढे नसते.

पोटात गेलेल्या शिशातील जेवढा अंश मोठ्या माणसाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चारपाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषला जातो. रक्तात ते महिनाभर फिरते आणि हाडांत जाऊन कित्येक वर्षे दडून बसते. स्त्री गरोदर झाली की हाडांतून निघून गर्भापर्यंत पोहोचते. मुलांची बुद्धी, लक्ष आणि स्वभाव यांवर त्याचा आघात होतो आणि झालेली हानी बहुधा भरून येत नाही. शिशाचे प्रमाण किती असले म्हणजे ते निर्धोक, अशी कोणतीही रेषा सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा, असा तिचा २०२१ चा सल्ला आहे. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात एवढे शिसे आहे. त्यांतील २७ कोटींहून अधिक मुले भारतातील आहेत. आपल्या देशात पेट्रोलमधून शिसे २००० सालीच गेले. परंतु घरामागील कढया आणि जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भट्ट्या अजून गेलेल्या नाहीत.

आम्ही हे सर्व तांडेलांना एका दमात सांगितले नाही. नातवाची रक्ततपासणी करून घ्या, एवढीच विनंती केली. ती झाली. आकडा पाचच्या रेषेच्या वर होता. तो कागद तांडेलांनी दोन्ही हातांत धरून वाचला. आम्ही अनेक घरी दुःखाच्या प्रसंगी गेलो आहोत. तरी एका आजोबांचे इतके हलके झालेले हात आम्ही क्वचितच पाहिले असतील.

सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांचा 'सुम्मा थिऑलॉजिया' हा ग्रंथ आम्हांला अभ्यासावा लागला. सुज्ञता या सद्गुणाचे घटक सांगताना त्यात भूतकाळाची स्मृती, वर्तमानाची समज आणि भविष्याची दूरदृष्टी यांची गणना केली आहे. त्या पेटीतील तीन भाग ऐकताना आम्हांला राहूनराहून या गणनेची आठवण होत होती. फरक एवढाच की पेटीची सुज्ञता एकाच आकड्यापुरती आहे. तिच्यासमोर मूल उभे आहे की नाही हे तिला ठाऊक नाही. रिले निकामी झाला तर तो बहुधा जोडलेल्या अवस्थेतच निकामी होतो. मग पेटी वीज तोडण्याचा हुकूम देत राहते आणि हीटर तापतच राहतो. म्हणूनच दुसरा स्वतंत्र स्विच हवा, आणि कढईजवळ माणूस हवा. तांडेल नौकेवर असला तरच सुकाणूला अर्थ असतो.

निर्णय तांडेलांनीच घेतला. कढई पडवीतून उठली. वाडीच्या कडेला, विहिरीपासून आणि घरापासून दूर, चारी बाजूंनी मोकळी पण वरून पक्की अशी पत्र्याची शेड उभी राहिली. तेथे मुलांना मज्जाव. ओतकामाचे कपडे आणि चपला तेथेच राहतात आणि वेगळ्या धुतल्या जातात. मळी झाकणाच्या डब्यात जाते. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. अर्थात कढई पूर्ण थंड झाल्यावर. साबणाने हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाही. बॅटरीच्या पट्ट्या कोणी फुकट दिल्या तरी घ्यायच्या नाहीत. त्यांत आम्ल असते, भुकटी असते आणि त्यांच्या मिश्रधातूंच्या मळीतून विषारी वायूही निघू शकतात. जुन्या बॅटऱ्या अधिकृत संकलकाकडे जाव्यात यासाठी २०२२ चे स्वतंत्र नियमच आहेत. घरातील पडवी सूनबाईंनी ओल्या फडक्याने अनेकदा पुसून काढली. काही महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीत नातवाचा आकडा उतरलेला होता. तो शून्य झालेला नाही, हे लिहिणे आम्हांला प्राप्त आहे.

शिशाला पर्यायही आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये गळाला लावायची शिशाची लहान वजने हंसांच्या पोटात जाऊन ते मरू लागले, म्हणून १९८७ पासून अशा वजनांची विक्री बंद करण्यात आली. आपल्याकडे भाजलेल्या मातीची आणि दगडाची वजने पूर्वापार वापरात आहेत. पागाला ती चालत नाहीत, कारण आकार लहान आणि भार मोठा हवा. पण ज्या जाळ्यांना चालतात त्यांना ती लावण्याची शिफारस आता तांडेल स्वतःच शेजाऱ्यांना करतात. धंद्यात थोडी खोट येते. तिचा उल्लेख ते करीत नाहीत.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत शिशाची कढई थोड्याच घरी असेल. परंतु जुन्या रंगाचे पोपडे, फोडलेली बॅटरी, डाग देण्याची कथिल-शिशाची तार, बंदुकीचे छर्रे यांपैकी काहीतरी बहुतेक वाड्यांतून सापडेल. हातातील काम अधिक अचूक करणारे साधन मिळाले तर ते अवश्य घ्यावे. अचूकपणा हा आळस नव्हे आणि अनुभवाचा अपमानही नव्हे. मात्र साधन जे मोजत नाही ते कोण मोजणार, हा प्रश्न त्याच दिवशी घरात विचारावा. आणि घरात पाच वर्षांखालील मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर शिशाचे काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून एक रक्ततपासणी करून घ्यावी. ती वेदना सुईच्या टोकाएवढी असते.